संकेतस्थळ उभारणे सोपे, सांभाळणे अवघड

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे जाहीर वेळापत्रक ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने सुरू होते आणि २ ऑगस्ट २०२७ हा पहिल्या अमृतस्नानाचा दिवस ठरला आहे. या निमित्ताने रस्ते, घाट आणि पूल यांची चर्चा होते, ती योग्यच आहे. मात्र आजचा भाविक गोदाकाठी पाऊल ठेवण्यापूर्वी या शहरात प्रवेश करतो तो मोबाइलच्या पडद्यावरून. निवासाची सोय, पूजाविधी, वाहनतळ यांची माहिती तो आधी संकेतस्थळावर शोधतो. खरी माहिती तेथे सापडली नाही, तर खोटी माहिती तिची जागा घेते. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभाच्या वेळी तंबू आणि हॉटेल आरक्षणाच्या नावाखाली बनावट संकेतस्थळे निघाली व पोलिसांना अटकसत्र हाती घ्यावे लागले. नाशिकने यातून बोध घेतला पाहिजे.

संकेतस्थळ उभारणे हे एकेकाळी केवळ संगणकतज्ज्ञांचे काम होते. आशय व्यवस्थापन प्रणालींनी, म्हणजेच सीएमएसने, ही मक्तेदारी मोडली. मजकूर एकीकडे आणि मांडणी दुसरीकडे ठेवायची, हे या प्रणालींचे मूळ सूत्र. त्यामुळे हॉटेलचा दर बदलण्यासाठी किंवा नवी सूचना टाकण्यासाठी संगणकाची भाषा येण्याची गरज उरत नाही. २००१ मध्ये द्रुपल, २००३ मध्ये वर्डप्रेस आणि २००५ मध्ये जूमला अशा प्रणाली आल्या. तिन्ही मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. जगातील सुमारे चाळीस टक्के संकेतस्थळे आज एकट्या वर्डप्रेसवर चालतात. त्याचे नियंत्रण-पटल मराठीतही उपलब्ध आहे.

साधन एवढे सुलभ झाले असताना अनेक संकेतस्थळे वर्ष-दोन वर्षांत मृतवत का होतात? याचे कारण शिकण्याच्या पद्धतीत आहे. वर्गात शिकवले जाते ते उभारणे, म्हणजे थीम निवडणे, पाने तयार करणे, छायाचित्रे चढवणे. त्यानंतरच्या देखभालीचा धडा मात्र बहुधा राहूनच जातो. सुरक्षेतील बहुतेक छिद्रे मूळ प्रणालीत नसून तिला जोडलेल्या प्लगिनमध्ये आढळतात. ती अद्ययावत ठेवली नाहीत, तर एके दिवशी मंगल कार्यालयाच्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात. नको असलेली प्लगिन काढून टाकणे, पूर्ण संकेतस्थळाची प्रत नियमितपणे दुसरीकडे साठवणे आणि ती प्रत खरोखर परत उभी राहते की नाही, हे तपासणे, ही कामे दिसत नाहीत. पण संकेतस्थळ जगते ते त्यांच्याच बळावर.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. छोटा व्यावसायिक हे काम ओळखीच्या तरुणाकडे सोपवतो. डोमेनची नोंदणी त्या तरुणाच्या नावे होते, पासवर्डही त्याच्याकडेच राहतात. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, की मालक स्वतःच्याच दुकानाबाहेर उभा! नूतनीकरण चुकलेले डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो आणि बनावटगिरीला यासारखी आयती संधी नाही. डोमेन स्वतःच्या नावे ठेवणे, हा म्हणूनच पहिला धडा असायला हवा.

तिसरा मुद्दा भाषेचा. २००० च्या दशकात बहुतेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरत. त्यातला मजकूर शोधयंत्रांना उमगत नसे. युनिकोडने तो अडसर दूर केला. तरीही परिपत्रके आणि दरपत्रके छायाचित्राच्या स्वरूपात चढवण्याची सवय सुटलेली नाही. अशी पाने शोधात सापडत नाहीत आणि अंध वाचकाचे वाचनयंत्रही त्यांच्यापुढे मुके होते. चांगले मराठी संकेतस्थळ म्हणजे युनिकोडमधील मजकूर, चित्रांना पर्यायी वर्णन आणि मंद जोडणीवरही उघडणारी हलकी पाने.

शासनाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची सामाईक प्रणाली स्वीकारली, तिच्यामागे हाच विचार आहे. मांडणी, सुरक्षा व सुगम्यता एका ठिकाणी सांभाळली जाते आणि मजकूर स्थानिक कार्यालय भरते. मात्र मजकूर वेळेवर बदलणारा माणूस नसेल, तर उत्तम प्रणालीही जुनीच माहिती दाखवत राहते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने २००५ पासूनच स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे आणि ती अद्ययावत ठेवण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर घातले आहे, याचा विसर पडू नये.

खासगी व्यावसायिकाच्या पाठीशी अशी सामाईक यंत्रणा नाही. येवल्याचा पैठणी विणकर, गंगापूर धरणालगतचा वाइननिर्माता, त्र्यंबकेश्वरचा लॉजमालक यांना ही जबाबदारी स्वतःच पेलावी लागेल. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते १९८९ मध्ये स्थापन झाले. एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी संगणकसाक्षरता गावोगावी नेल्याचा अनुभवही राज्याच्या गाठीशी आहे. या बळावर देखभालीवर भर देणारा छोटा अभ्यासक्रम सहज आखता येईल. त्याची परीक्षा नवे संकेतस्थळ दाखवून होऊ नये. सहा महिन्यांनंतर ते किती अद्ययावत व सुरक्षित आहे, यावर गुण द्यावेत.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये यजमानांच्या अनेक पिढ्यांची नोंद सापडते. प्रत्येक पिढीने त्यात भर घातली आणि वही जपली, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसला. संकेतस्थळाची विश्वासार्हताही अशाच नित्य नोंदीतून येते. सिंहस्थासाठी घाईने उभारलेली पाने मेळ्यानंतर ओस पडणार असतील, तर तो खर्च गोदेच्या पुरात गेला असेच म्हणावे लागेल.