धूळ पुसा, शेवट बदलू नका

जुन्या फिल्मवरचे ओरखडे काढणं, उडालेला रंग परत आणणं, हे झालं रिस्टोरेशन. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या सिनेमांवर असं काम झालंय, त्याचं कौतुकच आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा थिएटरात लावली. मेलेला नायक चक्क जिवंत! दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष, दोघांनी जाहीर विरोध केला. उपयोग शून्य.

कारण आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता, आणि कलम ५७ चं नैतिक हक्काचं संरक्षण कर्त्यालाच. पैसा घातला म्हणून दुसऱ्याच्या कलाकृतीत काहीही करायचं का? दिग्दर्शकालाही कर्ता माना. तोवर निदान पोस्टरवर ठळक लिहा: 'दिग्दर्शकाच्या संमतीविना बदललेला सिनेमा'. पटतंय का, मंडळी?