थांबणारा प्रोग्रॅम प्रामाणिक असतो

१/८
संगणकाच्या इतिहासात वेगाचे पोवाडे पुष्कळ गायले जातात. पुरवलेला आकडाच वाचता आला नाही तर यंत्राने काय करावे, या प्रश्नाचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. फोरट्रान भाषेत तो स्पष्ट दिसतो. #थ्रेड

२/८
जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी ही भाषा सिद्ध केली. त्या काळी आकडे छिद्रांच्या कार्डांवर असत. एका कार्डावर ८० स्तंभ. कोणता आकडा कोणत्या स्तंभांत, हे आधीच ठरलेले.

३/८
जुन्या नियमानुसार आकड्यापुढील मोकळी जागा शून्य मानली जाई. पाच स्तंभांच्या जागेत १२ हा आकडा डाव्या कडेला छेदला गेला, तर यंत्र १२००० वाचे, तेही विनातक्रार!

४/८
१९६६ च्या अमेरिकी मानकात वाचनातील चूक पकडण्याची सोयच नव्हती. कार्डे संपल्याची खूण म्हणून शेवटी ९९९९ सारखी संख्या ठेवण्याची युक्ती रूढ झाली.

५/८
फोरट्रान ७७ ने ही उणीव भरून काढली. ‘आयओस्टॅट’मध्ये शून्य आले तर वाचन सुरळीत, ऋण संख्या आली तर फाइल संपली, धन आली तर चूक झाली.

६/८
मात्र या सोयीतच एक सापळा आहे. ‘आयओस्टॅट’ लिहिले की चूक होऊनही प्रोग्रॅम थांबत नाही. ते लिहून न तपासणे म्हणजे पहारेकरी नेमून त्याचे तोंड बांधणे होय. मानकानुसार, चुकलेल्या वाचनातील चलांच्या मूल्यांवर विसंबता येत नाही. तरीही गणित पुढे चालूच राहते.

७/८
एका सदोष ओळीपायी तासन्‌तासांची आकडेमोड वाया का घालवावी, हा आक्षेप रास्त आहे. अशा वेळी ती ओळ वगळावी. परंतु तिचा क्रमांक आणि वगळलेल्या ओळींची संख्या नोंदवावी. फोरट्रान २००३ पासून ‘आयओएमएसजी’द्वारे चुकीचे कारण शब्दांतही मिळते.

८/८
पत्रातील न वाचता आलेली तारीख अंदाजाने भरून पुढे जाणाऱ्याला कोणी इतिहासकार म्हणत नाही. साधनचिकित्सेचा हाच दंडक प्रोग्रॅमलाही लागू व्हावा. बंद पडलेला प्रोग्रॅम वेळ खातो. मुकाट्याने चुकीचे वाचणारा प्रोग्रॅम निष्कर्षच नासवतो.