घाऊक गिऱ्हाइकाचे गणित

"मॅडम, मोठे काम मिळाले आहे." कर्ज विभागात बसणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला हे वाक्य ऐकले की बरे वाटते. अर्जदाराच्या हातात एखाद्या मोठ्या व्यवसायाचे पत्र असते, त्यावर शिक्का असतो, दरमहा इतके नग आणि प्रतिनग इतका दर असे लिहिलेले असते. प्रस्तावातील उलाढालीचा रकाना आपोआप भरला जातो आणि आपली लेखणीही जरा उत्साहाने चालू लागते. हा उत्साह पुष्कळदा अनाठायी असतो, असे माझे मत झाले आहे. ज्या प्रकरणाने ते झाले त्यात चूक केवळ कर्जदाराची नव्हती, माझीही होती. म्हणूनच ते येथे मांडण्याचे धाडस करीत आहे. संबंधित ग्राहकाची संमती घेतली आहे. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून थोडे सरळ केले आहेत.

२०२१ ते २०२४ अशी तीन वर्षे माझी नेमणूक गुम्मिडिपूंडी येथे होती. चेन्नईहून उत्तरेकडे येणाऱ्या उपनगरी गाड्यांपैकी बऱ्याचशा येथे रिकाम्या होतात आणि परत फिरतात. कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाच्या कडेने जातो आणि थोडे पुढे गेले की आंध्र प्रदेशाची हद्द लागते. सिपकॉटची औद्योगिक वसाहत हा या गावाचा प्राण. चेन्नईच्या आसपास इरुंगाट्टुकोट्टई येथे ह्युंदाईचा कारखाना १९९८ मध्ये सुरू झाला, ओरगडम येथे रेनॉ-निस्सानचा २०१० मध्ये आणि हद्दीपलीकडच्या श्रीसिटीत इसुझूचा २०१६ मध्ये. त्यामुळे या पट्ट्यात मोटार हा जणू हवापाण्याचा विषय आहे. मोटारीचा एखादा भाग घडविणारा, वाहून नेणारा किंवा तपासणारा माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो.

आमचा हा ग्राहक अशांपैकीच. सुट्या भागांच्या एका कारखान्यात आठ वर्षे प्रेसवर काम करून त्याने महामार्गालगत कार डिटेलिंगची शेड टाकली. डिटेलिंग म्हणजे नुसते गाडी धुणे नव्हे. आसने, गालिचे, छताचे अस्तर यांची शाम्पूने सफाई, रंगावरचे ओरखडे घासून काढणे, पॉलिश, वरचा संरक्षक लेप असे हे तासन्‌तासांचे काम असते. यंत्रांसाठी त्याला मुद्रा योजनेच्या किशोर गटात आमच्याच शाखेने चार लाखांचे कर्ज दिले होते आणि त्याचे हप्ते वेळेवर येत होते. एक गाडी आतबाहेरून पूर्ण स्वच्छ करण्याचा त्याचा दर २,००० रुपये होता. महिन्याला ८० गाड्या होत. गिऱ्हाईक मुख्यतः वसाहतीतील अभियंते आणि व्यवस्थापक. येणार ते शुक्रवार ते रविवार. सोमवार ते गुरुवार शेडमधील माणसे बव्हंशी रस्त्याकडे पाहत बसलेली असत.

ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईतील जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या विक्रेत्याने त्याला पत्र दिले : दरमहा ६० गाड्या, प्रतिगाडी १,००० रुपये. दर निम्मा होता, पण त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. "मॅडम, माणसे अशीही बसूनच आहेत. पगार तर द्यावाच लागतो. मग जे येईल ते वरचेच नाही का?" मी मान डोलावली. वाढीव उलाढाल ७ लाख २० हजार. लघुउद्योगांसाठी नायक समितीच्या सूत्रानुसार तिच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजारांचे खेळते भांडवल. उधारी असणार म्हणून तेवढ्याची ओव्हरड्राफ्ट मर्यादा. प्रस्ताव दोन दिवसांत मंजूर झाला. एक गाडी स्वच्छ करायला किती तास लागतात, हा प्रश्न मी विचारला नाही. तो नमुन्यात नव्हता.

वस्तुतः सगळे गणित त्या प्रश्नातच होते. शेडचे भाडे १८ हजार, चार कामगारांचे पगार ६० हजार, वीज आणि पाणी ७ हजार, आमचा हप्ता ११ हजार, असा महिन्याचा ठरलेला खर्च ९६ हजार. चार माणसांचे २६ दिवसांतील प्रत्यक्ष हाताशी येणारे तास सुमारे ६५०. अभियंत्याची रोजच्या वापरातील, बऱ्यापैकी निगा राखलेली गाडी पाच तासांत निघते. ८० गाड्यांचे ४०० तास. उरले २५०. घाऊक गाडीलाही पाचच तास लागतील असे धरले तर ५० गाड्या त्या रिकाम्या तासांत बसतात आणि आणखी दहांसाठी थोडी ओढाताण करावी लागते. त्याने तसेच धरले होते.

पण विक्रेत्याकडून येणारी गाडी ही मालकाने विकायला काढलेली गाडी असते. शेवटचे सहा महिने तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते. पानाचे डाग, समुद्रकाठची वाळू, कुत्र्याचे केस, सांडून आंबलेले दूध असे सारे काही तिच्यात असते. तिला सात तास लागू लागले. साठ गाड्यांचे ४२० तास झाले. रिकामे होते २५०. उरलेले १७० तास आले शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकाच्या वाट्यातून, कारण विक्रेत्याला गाड्या शनिवारच्या विक्रीपूर्वी हव्या असत आणि त्याचा माणूस फाटकाशी येऊन उभा राहत असे. अभियंता मात्र दारातून गाडी वळवून निघून जाई. तो भांडत नाही, पुन्हा येत नाही इतकेच. १७० तास म्हणजे ३४ किरकोळ गाड्या. सामानाचे २४० रुपये वजा जाता प्रत्येकीतून १,७६० रुपये सुटत होते. असे ५९,८४० रुपये गेले. घाऊक गाडीला सामान अधिक लागे, सुमारे ३०० रुपयांचे. साठ गाड्यांतून आले ४२,०००. पूर्वी सगळा खर्च भागवून मालकाच्या हाती महिन्याला ४४,८०० रुपये राहत. आता काम वाढले, गर्दी वाढली आणि हाती राहू लागले २६,९६०.

"जे येईल ते वरचेच" हे वाक्य खोटे नव्हते. रिकामे तास शिल्लक असेपर्यंतच ते खरे होते. दुर्दैवाने ती सीमा कोठे संपते हे दाखविणारा काटा शेडमध्ये नसतो आणि आमच्या नमुन्यातही नसतो.

हा मुलगा अडाणी नव्हता, उलट हिशेबी होता. मग फसला कसा? मला वाटते, तो कारखान्यात जे शिकला त्यानेच फसला. प्रेसवर साचा बदलायला वेळ लागतो; एकदा साचा बसला की शंभर नग काढा वा दहा हजार, प्रत्येक नगामागचा खर्च उतरत जातो. म्हणून तेथे मोठी मागणी देणारा सवलत मागतो आणि पुरवठादारालाही ती परवडते. हाताच्या कामाला हा नियम लागू नाही. साठावी गाडी पहिलीइतकेच तास खाते. किंबहुना संध्याकाळी खांदे भरून आल्यावर थोडे अधिकच. घाऊक गिऱ्हाइकामुळे जाहिरात वाचते, फोन वाचतात, वाट पाहणे वाचते. सवलत द्यायची ती या वाचलेल्या खर्चापुरतीच. ती निम्म्या दराइतकी कधीच नसते.

माझे आजोळ सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात. तिकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले आहेत आणि तामिळनाडूतील सराफ बाजारांतही आहेत. माझ्या एका मामांचे आयुष्य याच धंद्यात गेले. सराफ कितीही मोठा असो, किती किलो देणार ते सांगो, माल पाहिल्याखेरीज आणि कस लावल्याखेरीज ते आकडा उच्चारत नसत. लहानपणी मला तो हट्टीपणा वाटे. एम.कॉम.ला परिव्ययलेखन शिकले, बँकेच्या प्रशिक्षणांत पतमापन शिकले, तरी पत्रावर शिक्का पाहताच मी कस लावायचे विसरले.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस चेन्नईवर कोसळला. महिनाअखेरीस विक्रेत्याकडून पाण्यात बुडालेल्या गाड्या येऊ लागल्या. आसने उपटून, गालिचे काढून, चिखल खरवडून एकेका गाडीला बारा-बारा तास लागत. दर तोच, एक हजार. पत्रात गाडीच्या स्थितीविषयी अवाक्षर नव्हते.

उधारीविषयीही नव्हते. सप्टेंबरचे बिल नोव्हेंबरअखेरीस मिळाले, ऑक्टोबरचे जानेवारीत, आणि पुढची तीन बिले अडकली : करासह सुमारे २ लाख १२ हजार रुपये. आमची मर्यादा केव्हाच संपली होती, मुदत कर्जाचे दोन हप्ते थकले आणि ते खाते माझ्या टेबलावरील नकोशा यादीत आले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. त्या वेळी बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. हे मी त्याला सांगितले. त्याने विचारले, "मॅडम, व्याज मागितले तर उद्या गाड्या येतील का?" त्याची उद्यम नोंदणी होती, तक्रारीसाठी समाधान हे संकेतस्थळही होते, तथापि एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या माणसाला कायदा कपाटातल्या भांड्यासारखा असतो, पाहुणे गेल्यावर आठवणारा.

वस्तू व सेवा कराचा फटका तर कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. किरकोळ कामाची त्याची वार्षिक उलाढाल १९ लाख २० हजार, म्हणजे सेवांसाठी असलेल्या २० लाखांच्या मर्यादेच्या आत. नोंदणीची गरज नव्हती. विक्रेत्याला मात्र कराचे बिल हवे होते, म्हणून त्याने नोंदणी केली. आणि एकदा नोंदणी झाल्यावर १८ टक्के कर शनिवारच्या अभियंत्यालाही लागू झाला. तो २,३६० द्यायला तयार होईना, म्हणून हा दोन हजारांतच कर सोसू लागला. प्रत्येक गाडीमागे ३०५ रुपये असे गेले. ५० लाखांपर्यंतच्या सेवा पुरवठादारांसाठी सहा टक्क्यांचा पर्याय आहे, पण त्यात बिलावर कर आकारता येत नाही आणि खरेदीदाराला त्याची वजावटही मिळत नाही. विक्रेत्याने तो साफ नाकारला असता. शिवाय विक्रेत्याच्या बिलावरील १०,८०० रुपयांचा कर पैसे हाती येण्याआधी पुढच्याच महिन्यात सरकारजमा करावा लागे, तो वेगळाच.

सुटका अनपेक्षित दिशेने झाली. २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद आणली की सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी मुदतीत दिली नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळेल. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ती लागू झाली. मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विक्रेत्याच्या लेखापालाने उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागवून घेतली आणि चार दिवसांत सगळी थकबाकी खात्यात जमा झाली. आमच्या तीन स्मरणपत्रांनी जे झाले नाही ते ३१ मार्चने केले.

त्यानंतर एका रविवारी दुपारी आम्ही दोघांनी शेडमध्ये बसून दर पुन्हा काढला. ठरलेल्या ९६ हजारांत त्याचा स्वतःचा मेहनताना ३० हजार मिळविला (तो त्याने कधीच धरला नव्हता, आणि माझ्या अनुभवात शंभरातले नव्वद व्यावसायिक धरत नाहीत). १ लाख २६ हजार भागिले ६५०, म्हणजे तासाला सुमारे १९४ रुपये. सात तासांचे १,३५८ आणि सामानाचे ३००. घाऊक गाडीचा खरा दर १,६५८ रुपये. सोमवार ते गुरुवारच आणाल, आठवड्याला आठपेक्षा अधिक नाहीत आणि पैसे त्याच आठवड्यात, या अटी मान्य असतील तर १,४०० रुपये अधिक कर. गाडी पाहून, बुडालेली असल्यास दर निराळा. आठ गाड्या म्हणजे महिन्याचे पावणेतीनशेच्या आतले तास, बहुतेक रिकाम्या वेळेत बसणारे. मोठ्या विक्रेत्याने हे मान्य केले नाही व काम थांबविले. पुळल भागातील एका लहान विक्रेत्याने मान्य केले. तो आठवड्याला पाच गाड्या देतो. गेलेल्या अभियंत्यांपैकी सगळे परतले नाहीत.

आपल्यापैकी ज्यांचा व्यवसाय हाताच्या कामावर चालतो, मग ती धुलाई असो, शिवणकाम असो वा डबे पोहोचविणे, त्यांनी घाऊक कामाला नकारच द्यावा असे मी म्हणत नाही. पहिल्या दहा नगांचे तास लिहून काढल्याशिवाय वर्षभराचा दर देऊ नये, आणि एका गिऱ्हाइकाचा वाटा एक तृतीयांशापलीकडे जाऊ लागला की आमच्याकडे मर्यादा वाढवून मागण्याआधी आमच्याशी बोलावे. माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती की, कार्यादेशाची प्रत घेताना ते काम किती तासांचे आहे आणि ते तास आज कोणाचे आहेत हेही विचारावे. मी आता प्रस्तावाच्या समासात पेन्सिलीने तसे लिहिते. वरिष्ठ कधी कधी हसतात.

जून २०२४ मध्ये माझी बदली झाली. निघण्यापूर्वी माझी छोटी गाडी स्वच्छ करून घ्यावी म्हणून शेडवर गेले. मनात होते की थोडी सवलत मिळेल. त्याने गाडीभोवती फेरी मारली, मागचे दार उघडून गालिचा उचलून पाहिला आणि बिल लिहिले : दोन हजार अधिक कर, एकूण २,३६०. मी पाहतच राहिले.

"मॅडम," तो म्हणाला, "आज शनिवार आहे."