माठ कुणी भरायचा?

मनमाडकराला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहत आमच्या पिढ्या वाढल्या. म्हणूनच की काय, माझ्या नोकरीतल्या पहिल्या कचेरीची आठवण आली की मला तिथला माठ आठवतो.

शिपाई रजेवर असला की साहेब सहज म्हणत, "बायकांपैकी कुणीतरी माठ भरा." पुरुषांना ते काम कधी सांगितले गेले नाही. आणि बायकांतही एकीला कधीच सांगितले गेले नाही. का, ते साऱ्यांना ठाऊक होते. बोलले कुणीच नाही. मीही नाही. तीही निमूटपणे फायलीत डोके घालून बसे.

पुढे कळले, की ही गोष्ट आमच्या गावाला नवी नव्हती. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे विधान अनेकांना ठाऊक असते. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. पण त्याच भाषणातला एक साधा तपशील मला अधिक बोचतो. अस्पृश्य माणसाला रेल्वेत गँगमन म्हणून राबता येई. पोर्टर मात्र होता येत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. दार बंद करायला कायदा लागला नाही. नोकरीला चिकटवलेले एक घरकाम पुरले!

आज कायदा आपल्या बाजूने आहे. राज्यघटनेचे सोळावे कलम आहे. १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा यांमुळे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमावी लागते. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली. हे थोडेथोडके नव्हे.

तरीही संस्था काय करतात? भिंतीवर फलक लावतात, समितीची नावे छापतात, आठ मार्चला गुलाबाचे फूल देतात. त्या समारंभाची रांगोळी कुणी काढायची, हे मात्र विचारावेही लागत नाही! कुणी बोट दाखवलेच, तर उत्तर तयार असते, "आमच्याकडे असा भेदभाव नाहीच, नियम दाखवा." नियमात तो सापडणार कसा?

म्हणून मला वाटते, समतेची तपासणी फलकावरून करू नये. सभेत चहा कोण आणते, इतिवृत्त कोण लिहिते, परगावच्या प्रशिक्षणाला कुणाचे नाव आपोआप गळते, कुणाचा डबा वेगळ्या टेबलावर उघडतो, हे पाहावे. त्यासाठी पैसा लागत नाही, पण साहेबाला स्वतः उठावे लागते. आणि माझ्यासारख्यांना तोंड उघडावे लागते.

त्या दिवशी "आज मी भरतो" एवढे तीन शब्द मी बोलायला हवे होते. आणि भरलेल्या माठातला पहिला पेला तिच्या हातून घ्यायला हवा होता.