गर्भिणीच्या पोटांतील गांठ

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या सूनबाईंची सोनोग्राफी झाली. आठवा आठवडा होता. गर्भ ठीक वाढत असल्याचें अहवालांत आरंभींच लिहिलें होतें. पण उजव्या बीजकोशावर पांच सेंटिमीटरांची गांठ, हे शब्द दिसतांच पुढचें-मागचें कोणी वाचलेंच नाहीं. आमच्या वहिनी तर "आतांच काढून टाका" म्हणून हटून बसल्या.

डॉक्टरीणबाईंनीं उलगडा केला. स्त्रीबीज सुटल्यावर त्याच्या रिकाम्या कोशाचा पीतपिंड बनतो. पहिले कांहीं आठवडे त्याच्याच रसावर गर्भ तगून असतो. पुढें वार तें काम उचलते. हा पिंड कधीं पाण्यानें फुगतो, आणि बहुधा चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंत आपोआप ओसरतो. ज्या गांठीवर वहिनी उठल्या होत्या, तिच्यावरच गर्भाचा भार होता!

निदानाचेंही आम्हीं विचारून घेतलें. पातळ भिंत, आंत नुसतें पाणी, भरींव भाग कोठें नाहीं, असें चित्र असलें म्हणजे बहुधा थांबून पुन्हां पाहावयाचें. सीए-१२५ ही रक्ततपासणी येथें फसवी. गर्भारपणाच्या आरंभीं तिचा आंकडा एरवींही चढतो. भरींव गांठही दर वेळीं कर्करोगाची नसते. स्टर्नबर्ग यांनीं १९६३ सालीं वर्णिलेला ल्यूटिओमा प्रसूतीनंतर आपोआप जिरतो. मात्र एका कुशींत एकाएकीं कळ येऊन वांती होऊं लागली, तर बीजकोशास पीळ पडला असण्याचा संभव असतो. मग मध्यरात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये.

सूनबाईंची पुढील तपासणी चौदाव्या आठवड्यांत आहे. तोंवर आमच्या कुटुंबानें 'गांठ' हा शब्द घरांत उच्चारण्यास सक्त मनाई केली आहे.