नव्वद दिवसांचे शेजारपण

जर्मनीच्या पश्चिम सीमेवर आखेन हे विद्यापीठाचे शहर आहे. तेथे उच्च शिक्षणासाठी गेलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र अलीकडेच आले. शहरात परवडेल अशी खोली मिळेना, म्हणून त्याने शेजारच्या फाल्स या गावी चौकशी केली. हे गाव आखेनला लागूनच आहे. फक्त ते नेदरलंड्सच्या हद्दीत मोडते. वाटेत चौकी नाही, फाटक नाही. वर्गातील त्याचा इटालियन मित्र तेथेच राहतो व रोज बसने विद्यापीठात येतो. आपल्या विद्यार्थ्याला मात्र जर्मन निवास परवान्यावर तेथे बिऱ्हाड करता येत नाही. पाहुणा म्हणून १८० दिवसांत ९० दिवस जावे, एवढीच त्याला मुभा. "सर, जी सीमा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, ती मला एकट्यालाच का आडवी येते?" असे त्याने विचारले आहे. प्रश्न एका विद्यार्थ्याचा असला तरी त्याचे उत्तर युरोपच्या अर्थव्यवस्थेच्या मुळाशी जाते.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलंड्स या पाच देशांनी परस्परांच्या सीमांवरील तपासणी हळूहळू उठविण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. १ जानेवारी २०२५ रोजी बल्गेरिया व रुमानियाच्या भूसीमाही खुल्या झाल्या आणि या क्षेत्रात २९ देश आले. परंतु सीमेवरची तपासणी उठणे आणि सीमेपलीकडे राहण्याचा हक्क मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सवलत सर्वांना मिळाली. दुसरी प्रामुख्याने युरोपीय नागरिकांपुरतीच राहिली. बाहेरून आलेल्या माणसाला निवासाचा परवाना एकेक देश देतो आणि तो त्या देशापुरताच असतो. त्याच्या आधारे अन्य सदस्य देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत, ९० दिवसच राहता येते. हे ९० दिवस प्रत्येक देशाला वेगळे नाहीत, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

हिशेबाची गुंतागुंत

हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. १८० दिवसांचा कालखंड पंचांगातील सहामाहीप्रमाणे ठरलेला नसून तो सरकता आहे. ज्या दिवशी मोजावयाचे, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहावयाचे. समजा, एखादा परवानाधारक १ जानेवारी ते ३१ मार्च २०२५ असे सलग ९० दिवस फाल्समध्ये राहिला. मग २९ जूनपर्यंत त्याला नेदरलंड्समध्येच काय, पण बेल्जियम वा फ्रान्समध्येही पाऊल टाकता येणार नाही. मध्यंतरी तो मायदेशी जाऊन आला म्हणून हिशेबाची पाटी कोरी होत नाही. जाण्याचा व परतण्याचा, असे दोन्ही दिवस धरले जातात. दुपारी तासभर भाजी आणावयास गेला तरी एक दिवस खर्ची पडला!

शिवाय हे दिवस मोजणार कोण? अंतर्गत सीमांवर पारपत्रावर शिक्के मारले जात नाहीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली प्रवेश-निर्गमनाची यांत्रिक नोंद अल्पकाळासाठी येणाऱ्यांची आहे. निवास परवानाधारक तीतून वगळलेले आहेत. म्हणजे वहीत दिवस मांडून ठेवण्याचा भार प्रामाणिक माणसावर पडतो, आणि बेफिकीर माणूस सापडेपर्यंत निर्धास्त असतो. ज्या नियमाचे पालन प्रामाणिकालाच जाचते, तो नियम सदोष म्हटला पाहिजे.

श्रमाच्या बाजारातील कुंपण

१९५७ च्या रोम कराराने ज्या सामायिक बाजारपेठेचा पाया घातला, तिच्यात वस्तू, सेवा, भांडवल व माणसे यांच्या मुक्त संचाराची कल्पना होती. आपल्या विद्यार्थ्याने जर्मनीत कमावलेला युरो फाल्सच्या दुकानात बारा महिने चालतो. तो कमावणारा हात मात्र तेथे ९० दिवसच चालतो, तोही काम न करता. पुढे नोकरीला लागल्यावर हे कुंपण अधिकच बोचते. शेजारच्या गावी चांगले वेतन असले तरी नव्या परवान्यावाचून तेथे जाता येत नसेल, तर मालकाशी बोलणी करताना कामगाराचा हात आपोआप दुबळा होतो. श्रम विकत घेणारे थोडे आणि विकणारा जागी बांधलेला, अशा बाजारात वेतन कोणाच्या बाजूने झुकते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही.

या मर्यादेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मान्य केले पाहिजे. घरे, शाळा, आरोग्यविमा यांचा भार त्या त्या देशाचा खजिना उचलतो. मर्यादाच नसेल, तर सैल नियमांच्या देशातून परवाना घ्यावा आणि दुसऱ्याच देशात ठाण मांडावे, असा प्रकार वाढेल. नुकत्याच आलेल्या माणसाला ९० दिवसांचे बंधन घालणे म्हणूनच अन्यायाचे म्हणता येणार नाही. परंतु जो वर्षानुवर्षे कर व विम्याचे हप्ते भरतो, त्यालाही हेच माप लावावयाचे काय? २००३ च्या युरोपीय निर्देशानुसार पाच वर्षांच्या सलग, कायदेशीर वास्तव्यानंतर दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मिळू शकतो व त्याच्या आधारे, काही अटींवर, दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहता येते. पण शिक्षणाची वर्षे त्यात निम्मीच धरली जातात आणि एका देशातील वर्षे दुसऱ्या देशातील वर्षांत मिळविता येत नाहीत. ती मिळविता यावीत, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये मांडला होता. त्यामागील तत्त्व निःसंशय योग्य होते.

या भेदाचे मूळ माणसाच्या कामात नसून त्याच्या पारपत्रात आहे. आपल्याच कोकणपट्टीचे उदाहरण घ्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त होण्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मोकळा आहे. म्हापशाचा तरुण भारतीय नागरिकत्व सोडून तो मार्ग धरतो आणि उद्या आखेनमध्ये, परवा फाल्समध्ये राहू शकतो. सावंतवाडीच्या तरुणाचे शिक्षण तेच, कसब तेच. तरी त्याला दिवस मोजावे लागतात. उलट, १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश माणूसही या मोजणीत आला. स्पेनमध्ये स्वतःचे घर असूनही अनेक ब्रिटिश पेन्शनरांना वेगळ्या परवान्याशिवाय तेथे सलग हिवाळा काढणे कठीण झाले. त्यांचे घर तेच होते. हक्क तेवढा गेला होता.

म्हणून मागणी सीमा पुसून टाकण्याची नाही. वास्तव्याच्या वर्षांबरोबर संचाराचा हक्कही वाढत जावा, शिक्षणाची वर्षे पूर्ण धरली जावीत आणि सीमेलगतच्या गावांत राहून पलीकडे शिकणाऱ्यांसाठी साधी, स्वतंत्र तरतूद असावी, एवढीच ती आहे. तोवर परदेशी मुले पाठविणाऱ्या पालकांनी त्यांना हा हिशेब आधीच समजावून द्यावा. माझ्या विद्यार्थ्याला मी हेच कळविले आहे : खोली आखेनमध्येच शोध, वहीत दिवस लिहून ठेव; पण तू विचारलेला प्रश्न सोडू नकोस.