मोडींत काढण्याची विद्या

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवी विद्या उदयास आली आहे. ती कोणत्याहि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत नाहीं, तरी तिच्यांत नापास झालेला मनुष्य विरळा. घरांतली बिघडलेली वस्तु, ती कां बिघडली याची विचारपूसहि न करतां, वजनावर विकून टाकणें ही ती विद्या होय. इस्त्री, पंखा, रेडिओ, घड्याळ यांवर तिचा अंमल आतां निर्वेध चालू आहे. आणि या अंमलाविरुद्ध जो कोणी तार व डाख घेऊन बसतो, त्याची गणना विक्षिप्तांत होते. अशाच एका विक्षिप्ताचा पक्ष घेण्यासाठीं आजचा हा लेख आहे.

निमित्त झालेली वस्तु अगदींच क्षुद्र आहे. बदलापूरच्या पश्चिमेस हेंद्रेपाडा नांवाची वस्ती आहे. उल्हास नदी तेथून दूर नाहीं, आणि पावसाळ्यांत ती स्वतःच भेटीस येते. २६ जुलै २००५ चा प्रलय सर्वांच्या स्मरणांत आहे. २७ जुलै २०१९ रोजीं तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून शेंकडों उतारूंना बाहेर काढावें लागलें. हेंद्रेपाड्यांतील एका तळमजल्याच्या घरांत १९९० नंतरच्या दशकांत घेतलेला एक व्हिडिओ गेम होता. तो २००५ च्या पुरांत बुडाला. पाणी ओसरल्यावर कोणीतरी तो वरवर पुसून, प्लास्टिकच्या पिशवींत बांधून माळ्यावर टाकला. त्या घरचा मुलगा आमचा एके काळचा विद्यार्थी. आज तो चाळिशीचा संसारी गृहस्थ आहे. त्यानें अलीकडे ती पिशवी सोडली आणि तो दुरुस्तीस बसला. 'अरे, त्या डबड्यापायीं सबंध रविवार कां घालवतोस?' असें आई म्हणाली, तें एक वेळ समजूं शकतें. परंतु शेजारच्या एका निवृत्त अध्यापकांनीं 'एवढा वेळ एखाद्या ग्रंथास दिला असतास तर बरें झालें असतें,' असा उपदेश केला, तो मात्र आम्हांस निरुत्तर सोडून देववत नाहीं. कारण आमचें म्हणणें असें कीं, तो गृहस्थ ग्रंथाचेंच काम करीत होता.

प्रथम ही वस्तु काय होती तें सांगूं. जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें खेळाचें यंत्र बाजारांत आणलें. पुढें जगभर त्याचीं नाना रूपें व असंख्य नकला निघाल्या. आपल्याकडे 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नांवांनीं विकलीं गेलेलीं यंत्रें याच गोत्रांतलीं. टीव्हीस जोडावयाचें, वरच्या खांचेंत मुलें जिला 'कॅसेट' म्हणत ती बसवावयाची, कीं 'मारिओ' किंवा 'कॉन्ट्रा' सुरू. मूळ यंत्राच्या कामाच्या स्मृतीची क्षमता अवघी २०४८ बाइट होती. देवनागरीचें एक चिन्ह साठविण्यास आजच्या प्रचलित संकेताप्रमाणें तीन बाइट लागतात. त्या हिशेबानें या लेखाचा एक लहानसा भागच तींत मावेल. एवढ्या तुटपुंज्या जागेंत ज्यांनीं एक धांवतें, उड्या मारतें जग उभें केलें, त्यांची काटकसर वृत्तबद्ध रचना करणाऱ्या कवीनें तरी हसण्यावारी नेऊं नये.

आतां पुरानें काय केलें तें पाहूं. अशा यंत्रास पाण्यापेक्षां गाळ अधिक घातक. गाळांतले क्षार ओल धरून ठेवतात. आणि सोन्याचा मुलामा, निकेल, तांबें, कथलाचा डाख असे भिन्न धातु जेथें एकमेकांस लागून असतात, तेथें त्या ओलीमुळें सूक्ष्म विद्युत्घट तयार होऊन त्यांतला दुबळा धातु झिजूं लागतो. प्लास्टिकच्या पिशवीनें वस्तूचें रक्षण झालें नाहीं, ओल मात्र आंत कोंडून राहिली. पेटी उघडली तेव्हां तांब्याच्या रेषांवर हिरवा जंगाल चढला होता, खांचेंतल्या ६० पिना काळवंडल्या होत्या, आणि पत्र्याचें आवरण बोटानें चुरगळत होतें.

अशा वेळीं पहिला मोह वीज लावून पाहण्याचा. तो त्यानें आवरला. कारण ओलसर क्षारांवर वीज सोडली तर उरलेलें तांबेंहि झडतें. त्यानें प्रथम प्रत्येक भागाचें छायाचित्र घेतलें. मग ऊर्ध्वपातित पाण्यानें व मऊ ब्रशानें गाळ धुतला. जंगाल पातळ केलेल्या व्हिनेगरनें सोडविला. पुन्हा धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून बोर्ड वाळविला. जुने कपॅसिटर बदलले. मल्टिमीटर घेऊन एकेक रेषा तपासली आणि जेथें तूट आढळली तेथें केसासारखी तार डाखली. नकली यंत्रांत पुष्कळदां मुख्य चिप काळ्या राळेच्या थेंबाखालीं थेट बोर्डावरच बसविलेली असते. ती मेली असेल तर उपाय नाहीं, आणि ती जिवंत आहे कीं नाहीं हें सर्व श्रम झाल्यावरच कळतें. त्याच्या सुदैवानें ती जिवंत निघाली. न निघती, तरी आमचें म्हणणें तेंच राहिलें असतें.

या उद्योगाविरुद्ध पहिला आक्षेप असा कीं, हें शेवटीं खेळणें! आक्षेप घेणाऱ्यांनीं पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें असेलच. निदान पाहुण्यांस दाखविलें असेल. कवि 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनीं गांवोगांव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती गोळा केल्या, तेव्हां त्या वस्तू घराघरांतून मोडीच्या भावानेंच बाहेर पडत होत्या. आज त्याच वस्तूंपुढें आपण हात मागें बांधून उभे राहतों. सुपारी कातरणें हें मारिओला उड्या मारावयास लावण्याहून अधिक गंभीर कृत्य आहे असें कोणी सिद्ध केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें २०१२ सालीं चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहांत घेतले. आपण मात्र त्यांची खरी किंमत आणखी पन्नास वर्षांनीं, एखाद्या परदेशी संग्रहालयांत तिकीट काढून शिकणार!

दुसरा आक्षेप पैशाचा. दुरुस्तीच्या खर्चांत नवें यंत्र येतें; ते खेळ तर मोबाइलवर फुकट मिळतात. हिशेब बरोबर आहे, परंतु अर्धाच मांडला आहे. मोडींत दिलेली वस्तु नाहींशी होत नाहीं. ती आपल्या दृष्टीआड होते, इतकेंच. पुढें कोणा गरिबाचें पोर तारेवरचें प्लास्टिक जाळून तांबें काढतें, कोणी आम्लांत बोर्ड बुडवून सोनें शोधतो, आणि तो धूर व तें आम्ल ज्यांच्या छातींत आणि विहिरींत जातें त्यांचें नांव आपल्या जमाखर्चांत नसतें. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत व्हिडिओ गेमहि खेळण्यांच्या यादींत समाविष्ट आहेत, आणि अशा मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हें स्वागतार्हच. परंतु ज्या यंत्राचा उत्पादक कोण हेंच ठाऊक नाहीं, त्याची जबाबदारी कोणावर? ती येते मालकावर, म्हणजे आपल्यावर. केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें 'दुरुस्तीच्या हक्का'साठीं संकेतस्थळ उघडलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं त्याच हेतूनें निर्देश काढला. हक्क मिळूं लागले आहेत. पण दुरुस्त करावें अशी इच्छाच ज्या समाजांतून लोपली, त्याला दुरुस्तीचा हक्क काय करावयाचा? टकल्यास कंगवा देण्यापैकींच तें औदार्य.

तिसरा आक्षेप वरवर पाहतां अधिक सयुक्तिक आहे. अस्सल जपानी यंत्र असतें तर गोष्ट वेगळी. ही तर नक्कल! बदलापूरपासून जवळच उल्हासनगर आहे. तेथल्या मालावरील 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सर्वांनीं कधींतरी केला आहे. परंतु फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणींत ज्यांनीं शून्यांतून व्यापार उभारला, त्यांच्या बाजारपेठेमुळें परवडणाऱ्या किती वस्तू आपल्या घरांत आल्या, याचा विचार हंसतांना केला नाहीं. मध्यम वर्गाच्या घरीं हा खेळ बहुधा नकलेच्याच रूपानें आला. म्हणून त्या घरांचा इतिहास लिहावयाचा तर पुरावा नकलेचाच हवा. आणि नकलेस तुच्छ लेखण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकांना तर मुळींच नाहीं. ज्ञानदेवांच्या हातची पोथी आपल्यापाशीं नाहीं. जें आहे तें नकलांवरच उभें आहे.

येथवर मोडीवाल्यांचा समाचार झाला. परंतु उलट बाजूलाहि एक संप्रदाय आहे, आणि तो आम्हांस तितकाच अमान्य आहे. हे लोक जुनें यंत्र घेतात, पिवळें पडलेलें प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडनें पांढरें शुभ्र करतात, आंतला बोर्ड काढून नवा बसवितात, आणि चकचकीत पेटी दाखवून 'पुनरुज्जीवन झालें' म्हणतात. प्राचीन देवळाच्या दगडावर तैलरंग फासून जीर्णोद्धार साजरा करणाऱ्या विश्वस्तांचे हे सख्खे भाऊ. एकानें वस्तु फेंकली, दुसऱ्यानें तिचें सोंग ठेविलें. वस्तु दोघांनींहि गमावली.

खरें संशोधन कसें असतें तें आपल्याच घरांत पाहावें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. तें १९६६ सालीं पुरें झालें. त्या आवृत्तींत जेथें पाठ निःसंशय ठरत नाहीं, तेथें संपादकांनीं अक्षरांखालीं नागमोडी रेषा दिली आहे. वाचकास कळावें कीं येथें आमचा निर्णय आहे, पण निश्चय नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें तुटलेल्या रेषांवर जी निळी तार डाखली, ती त्यानें लपविली नाहीं. कोणती तार कोठून कोठें व कां, हें एका कागदावर लिहून तो कागद पेटींत ठेविला. ती निळी तार म्हणजे त्याची नागमोडी रेषा होय. ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटापाशीं १९०१ सालीं समुद्रांतून निघालेला काशाचा गंजका गोळा अथेन्सच्या संग्रहालयांत आहे. त्याचे आज ८२ तुकडे आहेत. कोणी उत्साही माणसानें तो घांसून लखलखीत केला असता तर त्यावरचीं अक्षरें गंजाबरोबरच गेलीं असतीं. गंज पुरता घांसून काढला नाहीं, म्हणून २००५ सालीं क्ष-किरणांनीं आंतलीं दांत्यांचीं चक्रें व लेख वाचतां आले, आणि प्राचीन ग्रीकांच्या खगोलगणिताचें ज्ञान वाढलें. कोठें हात लावावा आणि कोठें लावूं नये, हा विवेक पोथीला जितका लागू तितकाच यंत्राला.

त्या निवृत्त अध्यापकांस आम्ही एवढेंच विचारतों: वस्तूची परंपरा ओळखणें, बिघाडाचें कारण शोधणें, आपली भर आणि मूळ यांची गल्लत होऊं न देणें, आणि केलेलें लिहून ठेवणें, याहून निराळी कोणती गोष्ट आपण तीस वर्षें वर्गांत शिकविली? कॅसेट चालेनाशी झाली कीं तींत फुंकर मारावयाची, हा त्या काळीं घरोघरचा मंत्र होता. निन्टेंडोनें स्वतःच तसें करूं नका असें बजावलें होतें, कारण श्वासांतल्या ओलीनें धातु खराब होतो. खेळ सुरू होई तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा नीट बसविल्यामुळें. श्रेय मात्र फुंकरीस मिळे. कारणाचा शोध न घेतां फुंकर मारणारा मुलगा आणि कारणाचा शोध न घेतां मोडींत टाकणारा त्याचा पदवीधर बाप, यांत फारसें अंतर नाहीं.

सर्वच जपून ठेवा असें आमचें म्हणणें नाहीं. घराचें कोठार करणें हाहि एक रोगच. परंतु टाकण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची शिस्त सुशिक्षितांनीं स्वतःस लावून घ्यावी: ही वस्तु कशानें बिघडली? ती आपल्या हातून किंवा कोपऱ्यावरच्या कारागिराकडून बरी होण्यासारखी आहे काय? आणि टाकलीच, तर ती नेमकी कोणाच्या दारांत जाऊन पडणार? महाविद्यालयांनीं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत एक टेबल दुरुस्तीस द्यावें, आणि त्या टेबलावर मराठीच्या विद्यार्थ्यांसहि बसवावें. त्याच्या बोटास एकदां चटका बसला म्हणजे पाठचिकित्सा म्हणजे काय हें त्याला आमच्या दहा व्याख्यानांहून लवकर कळेल.

पावसाळा दर वर्षीं येणार, उल्हास नदी आपला हक्क सांगत राहणार. माळ्यावरच्या पिशव्यांतली ओल आजहि आपलें काम करीतच आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी पिशवी असेल, त्यांनीं ती या आठवड्यांतच सोडून पाहावी. फार उशीर झाला तर डाख द्यावयास तांबेंच उरत नाहीं.